निकालाआधीचा आदेश : आत्ता वर जायचे की थांबायचे?

दिवाणी दाव्याला किती वर्षे लागतात हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. पण या वर्षांत न्यायालय नुसत्या तारखा देत नसते. दावा दाखल झाल्यापासून निकाल लागेपर्यंत लहानमोठे कितीतरी आदेश होतात. मनाई मिळते किंवा नाकारली जाते. कैफियत मुदतीत आली नाही म्हणून विना कैफियत दावा पुढे चालवण्याचा आदेश होतो. दाव्यात दुरुस्ती करू दिली जात नाही. कोर्ट कमिशनर नेमून मोजणी करावी हा अर्ज नामंजूर होतो. अशा प्रत्येक आदेशानंतर पक्षकार वकिलाला विचारतो, "साहेब, याच्यावर वर जाता येईल का?"

या प्रश्नाचे उत्तर नुसते 'हो' किंवा 'नाही' असे नसते. काही आदेशांवर आत्ताच अपील करावे लागते; नाही केले तर तो मुद्दा कायमचा हातचा जातो. काही आदेशांवर अपील करता येते, पण करावेच असे नाही. बाकीच्या आदेशांवर, आणि संख्येने हेच सर्वांत जास्त असतात, अपील मुळी नाहीच. मात्र ती तक्रार जपून ठेवली तर शेवटच्या अपिलात मांडता येते. आपल्या हातातला आदेश यांपैकी कुठल्या प्रकारचा आहे हे त्याच आठवड्यात ठरवायला हवे. जिल्हा न्यायालयात अपील करायला तीस दिवस असतात आणि ते आदेशाच्या तारखेपासून मोजले जातात. वकिलांची भेट होईल, पैशांची जुळवाजुळव होईल, मग बघू, असे म्हणेपर्यंत ते संपलेले असतात.

अपील कायद्याने दिले असेल तरच

बऱ्याच लोकांची समजूत अशी की न्यायालयाच्या कुठल्याही आदेशाविरुद्ध वरच्या न्यायालयात जाणे हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे. तसे नाही. दावा लावण्याचा हक्क सर्वांना आहे, पण अपिलाचा हक्क कायद्याने जिथे दिला तिथेच असतो. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत अंतिम हुकूमनाम्यावरचे अपील कलम ९६ मध्ये आहे. निकालाआधीच्या आदेशांवरचे अपील कलम १०४ आणि ऑर्डर ४३ मध्ये आहे. ऑर्डर ४३ नियम १ म्हणजे एक यादीच आहे. आदेश त्या यादीत असेल तर अपील. नसेल तर आदेश कितीही चुकीचा वाटला तरी अपील नाही.

यादी वाचताना शब्दांकडे नीट लक्ष द्यावे लागते, कारण पुष्कळदा एकाच अर्जावरचा एक निर्णय यादीत असतो आणि उलटा निर्णय नसतो. तारखेला हजर न राहिल्याने दावा काढून टाकला गेला आणि तो पुन्हा फाइलवर घेण्याचा अर्ज नामंजूर झाला, तर अपील आहे. तोच अर्ज मंजूर झाला तर विरुद्ध बाजूला अपील नाही. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याच्या अर्जाचेही असेच. पुनर्विलोकनाचा अर्ज मंजूर झाला तर त्याविरुद्ध अपील आहे, नामंजूर झाला तर नाही. दावा योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत दिला तर अपील आहे, परत द्यायला नकार दिला तर नाही. मयत पक्षकाराचे वारस मुदतीत दाखल झाले नाहीत म्हणून दावा संपुष्टात आला आणि ते बाजूला ठेवण्याचा अर्ज फेटाळला गेला, तर अपील आहे. शेतजमिनीच्या जुन्या दाव्यांत हा प्रसंग इतका वेळा येतो की ज्याच्या दाव्यातला कुणी पक्षकार वारला असेल त्याने ही गोष्ट वकिलाच्या कानावर त्याच दिवशी घालावी. रिसीव्हर नेमण्याचा आदेश आणि निकालापूर्वीच्या जप्तीचे काही आदेश यादीत आहेत. मनाईचे आदेश मात्र दोन्ही बाजूंनी आहेत. मनाई मिळाली तरी अपील, नाकारली तरी अपील.

निशाणी ५

महाराष्ट्रातल्या कोर्टात तूर्तातूर्त मनाईच्या अर्जाला 'निशाणी ५' म्हणतात. निकालाआधीच्या आदेशांवरची जी अपिले जिल्हा न्यायालयात होतात, त्यांत हा विषय सारखा येतो. बांध, रस्ता, विहिरीचे पाणी, फ्लॅटचा ताबा, भागीदारी फर्मचे खाते, वाद कशाचाही असो, दाव्याची खरी लढाई पुष्कळदा निशाणी ५ वरच होते. मनाई मिळाली की समोरचा तडजोडीला येतो. नाकारली की वादी खचतो. म्हणून इथे थोडे थांबून सांगतो.

मनाई देताना न्यायालय तीन गोष्टी बघते. वादीची प्रथमदर्शनी बाजू आहे का, मनाई न दिल्यास भरून न येणारे नुकसान होईल का, आणि सोयी-गैरसोयीचा तोल कुणाकडे झुकतो. अपिलात लोकांची अपेक्षा असते की वरचे न्यायाधीश या तिन्ही गोष्टी पुन्हा नव्याने तोलतील. तसे होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने वाँडर लिमिटेड विरुद्ध अँटॉक्स इंडिया या १९९० च्या निकालात घालून दिलेली मर्यादा आजही पाळली जाते. खालच्या न्यायालयाने आपला विवेक मनमानीने वापरला असेल, स्थिरावलेली तत्त्वे डावलली असतील, पुराव्याशी विसंगत निष्कर्ष काढला असेल, तरच वरचे न्यायालय हात घालते. कागदपत्रे बघून दोन मते होऊ शकतात आणि खालच्या न्यायाधीशांनी त्यातले एक घेतले, एवढ्यावर अपील मंजूर होत नाही. म्हणून अपील लिहिताना 'आमच्यावर अन्याय झाला' हे लिहून भागत नाही. कुठला दस्त विचारातच घेतला नाही, सातबाऱ्यावरची कुठली नोंद वाचायची राहिली, तीनपैकी कुठल्या कसोटीवर एक ओळही लिहिली नाही, हे दाखवावे लागते. आदेश हातात घ्या आणि शांतपणे वाचा. त्यात अशी जागा सापडत नसेल तर अपिलाचा खर्च करण्यापूर्वी वकिलांशी पुन्हा बोला.

दुसरी गोष्ट निशाणी ५ च्या सुनावणीआधीची आहे. अपिलात नवीन कागद सहज दाखल करता येत नाहीत. त्यासाठी ऑर्डर ४१ नियम २७ च्या अटी पाळाव्या लागतात. पुष्कळ पक्षकार पावत्या, फोटो, फेरफाराचे उतारे 'पुराव्याच्या वेळी देऊ' म्हणून घरी ठेवतात आणि निशाणी ५ हरल्यावर ते अपिलात घेऊन येतात. मनाईच्या अर्जासोबतच सगळे कागद यादीने दाखल करावेत.

एकतर्फी मनाई झाली असेल, म्हणजे तुम्हाला नोटीस लागण्याआधीच तुमच्याविरुद्ध आदेश झाला असेल, तर दोन मार्ग आहेत. त्याच न्यायालयात ऑर्डर ३९ नियम ४ खाली मनाई उठवण्याचा अर्ज करता येतो किंवा अपील करता येते. माझे मत, आधी त्याच न्यायालयात जावे. तिथे तुमची बाजू पहिल्यांदा ऐकली जाणार असते आणि एकतर्फी मनाईचा अर्ज तीस दिवसांत निकाली काढण्याची जबाबदारी कायद्याने न्यायालयावर टाकलेली आहे. ती मुदत उलटून गेली, तारखांवर तारखा पडल्या आणि मनाई मात्र चालूच राहिली, तर अपिलाचा आग्रह धरावा. सर्वोच्च न्यायालयाने वेंकटसुब्बय्या नायडू यांच्या २००० सालच्या निकालात हा मार्ग स्पष्टपणे मोकळा ठेवला आहे.

आणखी एक. निशाणी ५ च्या अपिलाचा निकाल जिल्हा न्यायालयात लागला की त्यावर दुसरे अपील नाही. कलम १०४ च्या दुसऱ्या पोटकलमाने ते बंद केले आहे. त्यापुढे उरते ती उच्च न्यायालयातली रिट याचिका, आणि तिची कसोटी अपिलापेक्षा बरीच कडक आहे. म्हणून जिल्हा न्यायालयातला युक्तिवाद शेवटचा समजूनच तयार करावा.

अपील हरलात तरी दावा हरलात असे होत नाही, हेही ध्यानात असू द्या. मनाईच्या आदेशातले निष्कर्ष प्रथमदर्शनी असतात. साक्षीपुरावा झाल्यावर न्यायालय त्याच्या नेमके उलट जाऊ शकते, आणि जाते.

प्राथमिक हुकूमनामा : आत्ता नाही तर कधीच नाही

वाटपाच्या दाव्यात निकाल दोन टप्प्यांत लागतो. आधी प्राथमिक हुकूमनामा होतो. मिळकत कुठली, हिस्सेदार कोण, कुणाचा किती हिस्सा, हे त्यात ठरते. मग प्रत्यक्ष सरस-निरस वाटप होऊन अंतिम हुकूमनामा होतो. सारा भरणारी शेतजमीन असेल तर वाटपासाठी प्रकरण कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, मोजणी होते, नकाशे येतात, त्यात वर्षे जातात.

इथे कुटुंबेच्या कुटुंबे फसतात. 'प्राथमिक' म्हणजे कच्चा, पुढे अंतिम निकाल यायचाच आहे, तेव्हा अपील करू, अशी समजूत करून घेतात. बहिणीचा हिस्सा कमी धरला, एखादा गट स्वकष्टार्जित म्हणून वगळला, एखादे मृत्युपत्र खरे मानले, सगळे प्राथमिक हुकूमनाम्यातच ठरलेले असते. संहितेचे कलम ९७ सांगते की प्राथमिक हुकूमनाम्यावर अपील केले नाही, तर अंतिम हुकूमनाम्यावरच्या अपिलात त्याच्या बरोबर-चूकपणावर वाद घालता येणार नाही. मग अंतिम अपिलात बोलता येते ते फक्त वाटप कसे केले यावर: रस्त्याकडची बाजू कुणाला दिली, विहीर कुणाच्या वाट्याला गेली. हिस्सा किती, हा विषय संपलेला असतो.

मुलींच्या हक्काबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये गंडुरी कोटेश्वरम्मा यांच्या प्रकरणात म्हटले की प्राथमिक हुकूमनाम्यानंतर कायदा बदलला तर अंतिम हुकूमनामा होईपर्यंत हिस्से नव्याने ठरवता येतात. या निकालाचा आधार घेऊन काही जण सांगतात, की अपील राहिले तरी चालते. तो निकाल नंतर घडलेल्या बदलासाठी आहे. हुकूमनाम्याच्या दिवशीच जी चूक होती तिच्यासाठी अपिलाशिवाय मार्ग नाही.

गावाकडे अजून असे होते की दाव्यात बहिणींची नावे प्रतिवादी म्हणून असतात, त्यांना नोटीस लागते, भाऊ म्हणतो 'मी बघतो', आणि त्या कोर्टात येत नाहीत. प्राथमिक हुकूमनामा त्यांना कळतो तो मोजणीची नोटीस आल्यावर. तोवर मुदत गेलेली असते. उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो, पण उशिराचे कारण पटवून द्यावे लागते, आणि 'भावावर विश्वास होता' हे कारण प्रत्येक न्यायाधीशाला पटेलच असे नाही. ताई, वहिनी, मावशी, तुमच्या नावाने कोर्टाचा कागद आला असेल तर कृपा करून स्वतःच्या वकिलाला दाखवा. तालुका विधी सेवा समितीकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

असाच आणखी एक आदेश रिमांडचा. अपील न्यायालयाने निकाल रद्द करून दावा खालच्या न्यायालयाकडे फेरचौकशीसाठी परत पाठवला आणि तो आदेश अपीलयोग्य असेल, तर त्यावर तेव्हाच अपील करावे लागते. नंतर तो आदेश चुकीचा होता असे म्हणता येत नाही. कलम १०५ चे दुसरे पोटकलम तशी मनाई करते.

यादीत नाही, मग काय?

आता राहिले ते असंख्य आदेश ज्यांच्यावर अपील नाही. यांच्यासाठी पूर्वी पुनरीक्षण अर्जाचा मार्ग प्रशस्त होता. कलम ११५ खाली लोक जवळजवळ प्रत्येक आदेशावर उच्च न्यायालयात जात आणि मूळ दावे अडकून पडत. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हा मार्ग अरुंद केला. आता कसोटी अशी, की आदेश तुमच्या बाजूने लागला असता तर दावाच निकाली निघाला असता का? उत्तर 'हो' असेल तरच पुनरीक्षण. नागपूरच्या शिवशक्ती सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी नक्की केली.

तिचा रोजचा उपयोग ऑर्डर ७ नियम ११ मध्ये होतो. दावा मुदतबाह्य आहे, कायद्याने त्याला मनाई आहे, म्हणून तो प्रथमच नामंजूर करा असा प्रतिवादीचा अर्ज असतो. अर्ज मंजूर झाला तर तो हुकूमनामाच मानला जातो, वादीने कलम ९६ खाली अपील करायचे. फेटाळला तर प्रतिवादीला पुनरीक्षणाचा मार्ग आहे, कारण अर्ज मंजूर झाला असता तर दावा तिथेच संपला असता.

ज्या आदेशांना अपीलही नाही आणि पुनरीक्षणही नाही, त्यांच्यासाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खालची याचिका आहे. खालची न्यायालये आपल्या अधिकाराच्या हद्दीत राहतात की नाही हे पाहण्याचा उच्च न्यायालयाचा तो अधिकार आहे. लोक आणि काही वकीलही सवयीने अनुच्छेद २२६ आणि २२७ एकत्र लिहितात. २०१५ च्या राधेश्याम विरुद्ध छबीनाथ निकालापासून दिवाणी न्यायालयाच्या न्यायिक आदेशाविरुद्ध २२६ चालत नाही, फक्त २२७. आणि २२७ हे वेगळ्या नावाचे अपील नाही. साधी चूक, दुसरे मत होऊ शकले असते अशी चूक, इथे दुरुस्त होत नाही. या याचिकेला मुदत ठरवून दिलेली नाही, पण सहा महिने झोपून उठलेल्याला न्यायालय पहिला प्रश्न उशिराचाच विचारते.

मग कुठल्या आदेशावर २२७ खाली जावे? माझी कसोटी अशी: हा आदेश तसाच राहिला तर पुढचा सगळा पुरावा वेगळा होईल का, आणि ती उणीव शेवटच्या अपिलात भरून निघेल का? विना कैफियत आदेश झाला तर प्रतिवादीला स्वतःचा बचाव मांडताच येत नाही. त्याच्या साक्षीदारांना अर्थ उरत नाही. हा आदेश राखून ठेवण्यासारखा नाही. आधी कैफियत तयार करून, ती सोबत जोडून, त्याच न्यायालयात आदेश मागे घेण्याचा अर्ज करा. साध्या दिवाणी दाव्यात नव्वद दिवसांची मुदत न्यायालय योग्य कारणासाठी शिथिल करू शकते. कैलास विरुद्ध नन्हकू या २००५ च्या निकालाने ते स्पष्ट झाले आहे. तोही अर्ज फेटाळला तर २२७. मात्र दावा व्यापारी न्यायालयात असेल तर कैफियतीची १२० दिवसांची मुदत लवचीक नाही, हे आधीच ओळखून असावे.

उलट बाजूने पाहा. कोर्ट कमिशनरचा अर्ज 'सध्या आवश्यकता नाही' म्हणून नामंजूर झाला असेल, तर दोन्ही बाजूंचा पुरावा झाल्यावर तो बऱ्याचदा पुन्हा करता येतो. साक्षीदाराला विचारलेला एखादा प्रश्न नाकारला गेला, एखादी तारीख नाकारली गेली, थोडा खर्च बसवला गेला, अशा आदेशांवर मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठणे म्हणजे पैसा आणि वर्ष दोन्ही घालवणे. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांचा त्यामुळे मुंबईचा हेलपाटा वाचतो, ही आनंदाची गोष्ट. पण अंतर कमी झाले म्हणून प्रत्येक आदेशावर जायचे असे नाही.

राखून ठेवणे म्हणजे गप्प बसणे नव्हे

कलम १०५ हे सामान्य पक्षकाराच्या बाजूचे कलम आहे आणि त्याची माहिती फार थोड्यांना असते. अपील नसलेल्या आदेशात चूक झाली असेल आणि तिचा दाव्याच्या निकालावर परिणाम झाला असेल, तर अंतिम हुकूमनाम्यावरच्या अपिलात ती चूक एक कारण म्हणून मांडता येते. मधल्या काळात वर गेला नाहीत म्हणून हा हक्क जात नाही. सत्यध्यान घोषाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच हे सांगून ठेवले आहे.

पण त्यासाठी दप्तरी काहीतरी असावे लागते. तोंडी विनंती केली आणि न्यायाधीशांनी मान हलवून नाही म्हटले, तर वरच्या न्यायालयासाठी असे काही घडलेच नाही. मागणी लेखी अर्जाने करा, अर्जाला निशाणी पडू द्या, त्यावर आदेश होऊ द्या. रोजनामा अधूनमधून वाचत जा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पुढची तारीख आणि आदेश घरबसल्या दिसतात. अपिलाच्या अर्जात त्या आदेशाविरुद्धचे कारण स्वतंत्रपणे लिहा. आणि परिणाम दाखवा: तो साक्षीदार तपासला गेला असता तर कुठला मुद्दा वेगळा ठरला असता, हे सांगता आले पाहिजे.

दोन बाबतींत मात्र ही सवलत उपयोगी पडत नाही. कमी मुद्रांक शुल्काच्या दस्ताला हरकत घ्यायची असेल तर तो पुराव्यात दाखल होतानाच घ्यावी लागते. एकदा न्यायालयाने तो दस्त वाचायला घेतला की त्याच दाव्यात पुढच्या कुठल्याही टप्प्यावर मुद्रांकाचा प्रश्न काढता येत नाही. दुसरी गोष्ट खर्चाची. 'प्रतिवादीने वादीला दोन हजार रुपये खर्च द्यावा, या अटीवर अर्ज मंजूर' असा आदेश होतो, समोरचे वकील पैसे पुढे करतात आणि आपण ते घेतो. अटीचा लाभ घेतलेल्याला त्या आदेशाला आव्हान देता येत नाही अशी भूमिका न्यायालये वारंवार घेत आली आहेत. आदेशावर वर जायचा विचार असेल तर ते पैसे घेऊ नका. आपल्या वकिलांनाही ही गोष्ट आधी सांगून ठेवा.

फौजदारी, घरगुती आणि व्यापारी प्रकरणे

फौजदारीत मूळ नियम असा की अंतरिम आदेशावर पुनरीक्षण चालत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९७(२) मध्ये ते होते. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३८(२) मध्ये आहे. पण 'अंतरिम' कशाला म्हणायचे? समाजवादी नेते मधू लिमये यांनी स्वतःवरच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि मधू लिमये विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९७७ चा निकाल आजही रोज दाखवला जातो. त्याने अंतिम आणि अंतरिम यांच्या मधला एक वर्ग मान्य केला. ज्या आदेशाने खटल्याची दिशाच ठरते, जो उलटा लागला असता तर खटला संपला असता, त्यावर पुनरीक्षण चालते. आरोपीविरुद्ध समन्स काढण्याचा आदेश, दोषमुक्तीचा अर्ज फेटाळण्याचा आदेश या वर्गातले. तारीख देणे-नाकारणे, साक्षीदार परत बोलावणे, कागद मागवणे हे साधारणपणे अंतरिम. पुनरीक्षण सत्र न्यायालयात करायचे की उच्च न्यायालयात, याची निवड एकदाच करता येते. एका ठिकाणी हरल्यावर तोच पक्षकार दुसरीकडे पुनरीक्षण घेऊन जाऊ शकत नाही. जामीन फेटाळला तर सर्वसाधारण गुन्ह्यात त्यावर अपील करत नाहीत, वरच्या न्यायालयात स्वतंत्र जामीन अर्ज करतात.

कौटुंबिक न्यायालयाच्या अंतरिम आदेशांवर १९८४ च्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अपील नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या प्रकरणात मात्र दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर कलम २९ प्रमाणे सत्र न्यायालयात तीस दिवसांत अपील होते, आणि अंतरिम पोटगीच्या आदेशांवरही अशी अपिले केली जातात. पोटगी नाकारलेल्या किंवा फार थोडी मिळालेल्या स्त्रीने हे जरूर लक्षात ठेवावे.

व्यापारी दाव्यांत दार आणखी अरुंद आहे. २०१५ च्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे ऑर्डर ४३ मधल्या आदेशांवर साठ दिवसांत अपील आहे; अंतरिम आदेशावरचे पुनरीक्षण कलम ८ ने बंद केले आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत चालणाऱ्या साध्या दाव्यांसाठी लेटर्स पेटंटचे कलम १५ आहे, आणि त्याची व्याप्ती ठरवणारा शहा बाबूलाल खिमजी हा १९८१ चा निकाल मुंबईच्याच एका दाव्यातून आला.

आदेश झाला त्या दिवशी

वर जायचे ठरवले तर पहिली धाव त्याच न्यायालयात घ्या. अपील दाखल झाले म्हणजे आदेश थांबला असे होत नाही; ऑर्डर ४१ नियम ५ तसे स्पष्ट म्हणतो. निशाणी ५ नामंजूर झाली आणि तोवर 'जैसे थे' चालू होते, तर ते अपील करेपर्यंत काही दिवस वाढवून द्या असा लेखी अर्ज त्याच दिवशी, न्यायाधीश उठण्यापूर्वी द्यावा. तुमच्याविरुद्ध आदेश झाला असेल तर त्याची अंमलबजावणी तेवढे दिवस थांबवण्याची विनंती करावी. अनेकदा ती मान्य होते. दुसऱ्या दिवशी गेलात आणि रात्रीत जेसीबी चालून गेला असेल, तर अपिलात मागायला फारसे काही उरत नाही.

नकलेचा अर्जही त्याच दिवशी करा. प्रमाणित नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, पण नकलेचा अर्ज करायला तुम्ही लावलेले दिवस वजा होत नाहीत. मुदत मे महिन्याच्या सुट्टीत संपत असेल तर न्यायालय उघडेल त्या पहिल्या दिवशी अपील दाखल करता येते; तातडी असेल तर सुट्टीतल्या न्यायालयापुढे जावे. उच्च न्यायालयात अपिलाची मुदत नव्वद दिवस आहे, पण मनाईच्या बाबतीत नव्वदाव्या दिवशी आलेल्या माणसाची घाई कुणाला खरी वाटत नाही.

वर गेलात म्हणून मूळ दाव्याच्या तारखा सोडू नका. स्थगिती मिळेपर्यंत खालचा दावा चालूच असतो आणि गैरहजेरीत एकतर्फी आदेश होऊ शकतो. मिळालेली स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप उठते असा नियम २०१८ च्या एका निकालाने आला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो रद्द केला. आता स्थगिती उठवायची असेल तर तसा अर्ज करून आदेश मिळवावा लागतो. ज्याला दावा लवकर संपवायचा आहे त्याने हा अर्ज वर्षानुवर्षे राहू देऊ नये.

आणि आदेश तुमच्या बाजूने लागला असेल तर दुसऱ्याच दिवशी वरच्या न्यायालयात कलम १४८अ खाली कॅव्हेट दाखल करा, म्हणजे तुम्हाला न ऐकता स्थगिती दिली जाणार नाही. कॅव्हेट नव्वद दिवस चालते. तारीख डायरीत लिहून ठेवा. तोवर समोरच्याने अपील केले नसेल तर नवे कॅव्हेट दाखल करावे लागते.